वाचनपीठ, व्यासपीठ की पुल्पिट?

नागपूरच्या सदरमधल्या एका चर्चच्या मराठी उपासनेचं पत्रक तयार करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : बायबल ठेवून वाचायचा तो उंच, उतरत्या फळीचा लाकडी स्टँड असतो, त्याला मराठीत काय म्हणावं? 'वाचक व्यासपीठावर येतील' असं लिहिलं तर चालेल का, की सगळे म्हणतात तसं 'पुल्पिट'च ठेवावं?

ताई, 'वाचनपीठ' लिहा.

इंग्रजीत त्या वस्तूचं नाव लेक्टर्न. लॅटिनमधल्या 'वाचणे' या अर्थाच्या क्रियापदापासून ते आलं. लेक्चर आणि लेसन हे त्याच घरातले शब्द. पुल्पिट ही वेगळी जागा, प्रवचनाची. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीच्या चर्चमध्ये बहुधा या दोन्ही जागा वेदीच्या अलीकडे, दोन बाजूंना असतात. कुठे कुठे वाचनपीठ म्हणजे पंख पसरलेला पितळी गरुडच असतो. गरुड हे शुभवर्तमानकार योहानाचं चिन्ह, आणि त्याच्या पंखांवर ग्रंथ उघडा ठेवलेला. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेत मात्र मधोमध एक मोठं पुल्पिट, आणि बरेचदा वाचन नि प्रवचन दोन्ही तिथूनच. नागपुरात या दोन्ही परंपरा रुजल्या. मिशनरी स्टीफन हिस्लॉपसाहेब स्कॉटिश मिशनचे, तर सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल अँग्लिकन. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही नागपुरातच. आपल्याकडे दोन्ही जागांना सर्रास 'पुल्पिट' म्हणतात, त्याचं एक कारण मला या सरमिसळीत दिसतं.

वाचणं आणि समजावणं यांतला फरक खुद्द बायबलमध्ये आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात वाचायला उभा राहतो, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी उघडून वाचतो, ती परत देतो आणि मग खाली बसून बोलू लागतो. वाचन उभ्याने, शिकवण बसून. म्हणून मला 'व्यासपीठ' इथे पटत नाही. मूळचं व्यासपीठ हे पुराणिकबुवांचं आसन. बुवा तिथे बसून पोथी वाचतात आणि लगोलग अर्थही सांगतात. आजच्या मराठीत तर व्यासपीठ म्हणजे पाहुण्यांच्या खुर्च्या मांडलेला अख्खा मंच. पत्रकातलं वाक्य वाचून नवखा माणूस तोच शोधत बसेल.

पोथी ठेवायची घडीची लाकडी चौकट, तिला 'ठवणी' हा आपला जुना, देखणा शब्द आहे. पण ती जमिनीवर मांडी घालून वाचणाऱ्याची. 'पोडियम' तर नकोच. त्याच्या मुळाशी ग्रीक 'पाय' आहे, म्हणजे ज्यावर उभं राहायचं ती चौथरी.

'पीठ' म्हणजे नुसतं आसन नव्हे. मूर्तीच्या खालच्या बैठकीलाही आपण पीठच म्हणतो. ज्यावर ग्रंथ विसावतो ते वाचनपीठ, हा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. पुल्पिटला मग 'प्रवचनपीठ' म्हणता येईल, किंवा मंडळीच्या तोंडी बसलेला 'पुल्पिट' तसाच राहू द्या. तो आता मराठीच झाला आहे.

पत्रकाच्या मसुद्यात 'फर्स्ट लेसन'साठी 'पहिला धडा' आहे, तेवढं बदलाल का? इथे लेसन म्हणजे शाळेतला धडा नाही, मोठ्याने केलेलं वाचन. त्याला 'पाठ' हा नेमका शब्द आहे, गीतापाठातला. जुन्या करारातून पहिला पाठ, नव्यातून दुसरा. कॅथलिकांच्या मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, 'पहिलं वाचन', 'दुसरं वाचन' म्हणतात, तेही उत्तम. तिथे रविवारी तिसरं वाचन शुभवर्तमानाचं, ते धर्मगुरू किंवा उपधर्मगुरू करतात आणि लोक उभे राहून ऐकतात.

आणि प्रत्यय जपा. वाचनपीठावर ग्रंथ असतो. वाचक येतो तो वाचनपीठापाशी. तेव्हा वाक्य असं करा : 'पहिल्या पाठासाठी वाचक वाचनपीठापाशी येतील.'