आठ वेळा ‘नाही’, नवव्यांदा मोबाईल

“मॅडम, आम्ही सारखं देत नाही हो. दहापैकी आठ-नऊ वेळा नाहीच म्हणतो. तरी हट्ट वाढतोच आहे.”

पाच वर्षांच्या मुलाची आई बोलत होती. जेवताना मोबाईल मिळाला नाही की ताट ढकलायचं, लोळण घ्यायची, किंचाळायचं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कमी वेळा दिलं की सवय कमी लागेल, असं बहुतेक पालकांना वाटतं.

होतं उलटंच. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरचे प्रयोग १९५७ मध्ये मांडले. प्रत्येक टोचीला दाणा मिळणारं कबूतर दाणे बंद झाले की लवकर थांबतं. दाणा कधी पडेल याचा नेम नसलेलं मात्र टोचतच राहतं.

“मग नवव्यांदा का देता?”

“शेजारी ऐकतात. आणि सासूबाईंना बघवत नाही.”

म्हणजे शिकत मुलगा एकटाच नव्हता. मोबाईल दिला की घर शांत, आणि ती शांतता हे आईचं बक्षीस! मुलगा आईला शिकवतच होता.

ठरवलं असं: जेवताना मोबाईल कुणाच्याच हातात नाही, बाबांच्याही. (बाबा इथे जरा चुळबुळले.) किंचाळण्याला उत्तर नाही, इजा होईलसं काही केलं तर मात्र लगेच थांबवायचं. दोन घास खाल्ले की तिथेच गप्पा सुरू. “शहाणा माझा” असं मोघम नको, “भाजी स्वतः घेतलीस” असं नेमकं. सुरुवातीला हट्ट आणखी चढेल, हेही आधीच बजावलं. तेव्हा नमलात, तर इतकं ओरडलं की मिळतं, एवढंच तो शिकेल.

आजींनी विचारलं, “एखाद्या वेळी दिला तर काय बिघडतं?”

त्यांना मानसशास्त्रज्ञ विल्यम्स यांनी १९५९ मध्ये नोंदवलेली हकीकत सांगितली. २१ महिन्यांचं मूल झोपवताना आकांत करायचं. पालकांनी खोलीत परत जाणं बंद केलं. पहिल्या खेपेला ४५ मिनिटं रडलं, दहाव्या खेपेपर्यंत रडणं संपलं. आठवडाभराने घरातल्याच एक बाई रडण्यामुळे खोलीत परतल्या, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

“म्हणजे ती बाई मीच की!” आजी हसल्या.

पुढच्या भेटीत आई सांगत होती, सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले. आता तो मागतो, पण “जेवण झाल्यावर?” असं विचारून. मग वीस मिनिटं मिळतात. रडला म्हणून वाढत नाहीत, कमीही होत नाहीत.