एआर-9 मध्ये ट्रिगर बसला म्हणजे टिकेलच असं नाही

एआर-9 (पिस्तुलाची 9 एमएम गोळी वापरणारी एआर रायफल) मधला नवा ट्रिगर त्रास देतो ही तुमची तक्रार वाचली आणि माझाच जुना ताप आठवला. नवा कॅसेट ट्रिगर (सगळे भाग एकाच डबीत जोडलेला तयार संच) टाकला, थोड्याच दिवसांत तो धरून ठेवणाऱ्या पिना बाजूला सरकायला लागल्या, मधूनच प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची, ठिणगी देणारी टोपी) हलका ठसा उमटून गोळी सुटत नाही, आणि कंपनीचं म्हणणं एकच: लोअर (ट्रिगर बसतो तो रायफलचा खालचा भाग) मिल-स्पेक, म्हणजे लष्करी मापाचा आहे ना, मग अडचण नाही.

आधीच सांगतो, मी गनस्मिथ नाही, सुट्टीच्या दिवशी पीसीसी (पिस्तुलाच्या गोळीची कार्बाइन) स्पर्धा खेळणारा माणूस आहे. शेवटचा शब्द तुमच्या गनस्मिथचा.

मला सगळ्यात महाग पडलं ते याच एका उत्तराने. कंपनीचं नाव घेत नाही. विकत घेण्याआधी मी स्पष्ट विचारलं होतं, 9 एमएमच्या ब्लोबॅकवर (चेंबर बंद करणारा जड बोल्ट लॉक न होता मागे येतो ती रचना) चालेल का? उत्तर आलं, 0.154 इंचाच्या पिना असलेल्या कुठल्याही लोअरमध्ये बसतो. हॅमरची (गोळी सुटण्यासाठी आघात करणारा हातोडा) पिन तुटल्यावर मात्र तीच मंडळी म्हणाली, ब्लोबॅकवर वापरलात, वॉरंटी संपली. ईमेलवर ईमेल, प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून कहाणी सांगायची. याचा राग अजून गेलेला नाही. पिनेचा व्यास जुळतो की नाही एवढंच सांगून ग्राहकाला वाटेला लावणं चूक आहे. तो ट्रिगर मार खाणार आहे बोल्टचा, आणि बोल्टबद्दल त्यांनी अवाक्षरही विचारलं नाही.

5.56 एमएमच्या, म्हणजे नेहमीच्या रायफल गोळीच्या एआरमध्ये बोल्ट लॉक झालेला असतो, दाब उतरल्यावरच सुटतो. एआर-9 मध्ये लॉक नसतोच. वजन आणि स्प्रिंग, एवढ्यावरच बोल्ट थोपवायचा. म्हणून बोल्ट आणि बफर (बोल्टच्या मागचं, धक्का झेलणारं वजन) मिळून साधारण 20 ते 22 औंस धरतात (साधा कार्बाइन बफर एकटा 3 औंसांचा). एवढं जड धूड जोरात मागे येतं आणि जाता जाता हॅमर खाली दाबतं. बोल्ट उलटा करून खालची कड बघा. तिथे उतार दिलेला असेल तर हॅमर हळूहळू दबतो. कड सरळ, काटकोनी असेल तर प्रत्येक गोळीला हॅमरच्या तोंडावर घण बसतो आणि तो धक्का थेट पिनेवर जातो. खाच असलेला हॅमर तर 9 एमएममध्ये वापरूच नका.

पिना सरकण्याचं कारण वेगळं आहे. साध्या ट्रिगरमध्ये हॅमरमधली बारीक स्प्रिंग हॅमरची पिन धरून ठेवते आणि हॅमर स्प्रिंगचा पाय ट्रिगर पिनेच्या खाचेत बसतो. कॅसेटमध्ये हे दोन्ही नसतं. तिथे अँटी-वॉक (टोकांना अडकवलेल्या, न सरकणाऱ्या) पिना लावाच, माझ्या मते हा ऐच्छिक खर्च नाही.

हलक्या ठशाचं म्हणाल तर, ट्रिगरची ओढ हलकी व्हावी म्हणून हॅमर स्प्रिंग कमजोर दिलेली असते. फेडरल कंपनीचे प्रायमर मऊ, सीसीआय कंपनीचे कडक. दोन्ही चालवून बघा, फरक लगेच कळेल. पण फक्त मऊ प्रायमरवरच चालणारी रायफल मला तरी नको. खास पीसीसीसाठी बनवलेला ट्रिगर घ्या, नाहीतर साधा मिल-स्पेक परत बसवा. ओढ जड लागेल, पण चालेल.

बफरही बघून घ्या. 9 एमएमचा बोल्ट गरजेपेक्षा जास्त मागे जातो, त्यामुळे पुढे परतताना त्याचा वेग वाढतो आणि बोल्ट कॅच (मॅगझिन रिकामं झाल्यावर बोल्ट मागे अडवणारा खटका) तुटतो. लांब बफर घ्या किंवा स्पेसर (मागची जागा भरणारा तुकडा) टाका. लोक बफरच्या ट्यूबमध्ये क्वार्टरची नाणी टाकतात, तेही चालतं.

आणि एकदा ट्रिगर दाबून दोन गोळ्या सुटल्या तर तिथेच थांबा, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा आणि रायफल गनस्मिथकडे न्या. "पुन्हा होतं का बघू" नकोच. जिवाचा धोका आहेच, वर अमेरिकेच्या फेडरल कायद्यात मशीनगनची व्याख्याही हीच आहे.

थोडं विषयांतर, पण आपली इथली बरीच मंडळी एच-1बी व्हिसावर आहेत म्हणून. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. व्हिसावर असाल तर मित्राची रायफल "दोन दिवस घरी ठेवतो" असंही करू नका. राज्याचे नियम वेगळे, ते आपापले बघा.

बोल्टच्या खालच्या कडेचा आणि हॅमरच्या तोंडाचा फोटो टाका, बफरचं वजनही लिहा. मग नेमकं सांगता येईल.