कर्ज माफ होतं, फिटतं की सुटतं? आणि बाबांना 'माफ करणं'

एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या कर्जावर मराठीत लेख लिहितायत आणि 'कर्जमाफी' लिहावं की 'कर्जमुक्ती' इथे अडल्यात, कारण माफी म्हटलं की गुन्हा आला, आणि शिकायला कर्ज काढणं हा काय गुन्हा आहे का. त्याच्याच खाली त्यांनी लिहिलंय की वडील स्वभावाने फार कठीण, प्रत्येक भांडणात "तुला शिकवलं त्याचे हे पांग फेडतेस का" हे ठरलेलं. आता त्यांना 'मी बाबांना माफ केलं' असं म्हणावंसं वाटतं, पण मराठीत ते उद्धट वाटतं, ते का?

आधी माफ. शब्द अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि महसुलाच्या कागदांत चांगला रुळला. सारा माफ म्हणजे साऱ्यातून सूट, माफीची जमीन म्हणजे जिच्यावर सारा भरायचा नाही ती, आणि तिथे कुणी गुन्हा वगैरे केलेला नसायचा. आज आपण 'माफी माग' एवढंच जास्त ऐकतो म्हणून सूट हा अर्थ मागे पडलाय. तेव्हा कर्जमाफी हा शब्द चुकीचा अजिबात नाही. पण शब्द टोचतो हेही खरं, शेतकरी संघटनेने 'कर्जमुक्ती' याच शब्दाचा आग्रह धरला तो त्यासाठीच, की शेतमालाला भावच मिळू दिला नाही म्हणून झालेलं कर्ज, त्यात शेतकऱ्याचा अपराध कुठला? पुढे २०१९ च्या सरकारी योजनेच्या नावातही कर्जमुक्तीच आलं.

ताई, तुमच्या लेखात मी एकच शब्द सगळीकडे वापरणार नाही. बायडेन सरकारची २०२२ ची योजना, म्हणजे १०,००० डॉलरपर्यंत आणि पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) घेतलेल्यांना २०,००० पर्यंत, जी सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मध्ये ६ विरुद्ध ३ अशी रद्द ठरवली, तिला कर्जमाफी म्हणा, कारण तिथे देणेकऱ्याने फार तर अर्ज करायचा होता, बदल्यात काही करायचं नव्हतं, घेणेकरी आपणहून सोडणार होता. २००७ मध्ये आलेली सार्वजनिक सेवेची योजना आहे तिथे ठराविक प्रकारची नोकरी करत १२० हप्ते भरावे लागतात, मगच उरलेलं सुटतं, तिथे मुक्ती शोभतं, माणसाने ती कमावलेली असते. कॉलेजच बंद पडलं किंवा कायमचं अपंगत्व आलं तर नुसतं 'कर्ज रद्द' पुरे.

आणि राइट ऑफला माफी म्हणू नका प्लीज, पेपरवाले सुद्धा ही चूक करतात. राइट ऑफमध्ये बँक आपल्या वहीतून रक्कम काढते, कर्जदार काही सुटत नाही, वसुली चालू राहू शकते.

माफ करायचा हक्क फक्त ज्याचं येणं आहे त्याचा, हे लक्षात घेतलं की नैतिक वाद कुठे आहे तेही दिसतं. सरकार म्हणतं आम्ही माफ करतो, पण पैसा करदात्यांचा, त्यात कॉलेजची पायरी न चढलेले आले, पोटाला चिमटा काढून हप्ते फेडलेलेही आले, ते विचारतात आमच्या वतीने माफ करणारे तुम्ही कोण. मला स्वतःला माफी योग्य वाटते, अठराव्या वर्षी केलेली सही मध्यम वयापर्यंत मानगुटीवर बसावी हे मला पटत नाही, पण या लोकांचा प्रश्न खोटा नाही आणि लेखात त्याला जागा द्याच.

आता बाबा. 'मी माफ केलं' म्हणताच तुम्ही घेणेकरी होता आणि बाबा देणेकरी, आणि आपल्या भाषेत हे नातं कायम उलटं मांडलंय, ऋण आईबापांचं, उतराई मुलांनी व्हायचं, म्हणून ते कानाला खटकतं. उद्धट नाहीये ते, फक्त सवयीच्या उलट आहे. मूल बापाचं घेणेकरी असू शकतं. जे शब्द लागले, जी भीती बसली, ते तुमचं येणंच आहे.

पांग हा शब्दही बघा. पांग म्हणजे मुळात उणीव, परावलंबन. पांग फेडणं म्हणजे कुणाची ददात मिटवणं, शिकवण्याचा खर्च व्याजासकट परत करणं नव्हे. बँकेच्या कर्जाला आकडा असतो, सही असते, शेवटचा हप्ता असतो, घरातल्या या हिशेबाला यातलं काहीच नाही, म्हणून तो कितीही फेडला तरी फिटत नाही आणि भांडणात दरवेळी नव्याने काढता येतो. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच असलेली तीन ऋणं सांगितलीयत, त्यातलं ऋषिऋण फिटतं अध्ययनाने आणि पितृऋण फिटतं संततीने, म्हणजे ज्यांचं घेतलं त्यांच्या हातात परत काही ठेवायचं नाही, पुढे द्यायचं. हे वाचलं तेव्हा मला स्वतःला फार हलकं वाटलं होतं.

क्षमा म्हणाल तर तिचा धातू क्षम्, म्हणजे सहन करणं, आणि सहन तुम्ही पुष्कळ केलंय, परत तोच शब्द कशाला. माफ केलं असं मनापासून वाटत असेल तर बिनधास्त म्हणा. अजून तिथवर आला नसाल, नुसती त्यांच्या सॉरीची वाट बघणं थांबवलं असेल, तर ते राइट ऑफ झालं: येणं बुडालेलं नाही, फक्त तुमच्या वहीत आता ते धरलेलं नाही. यासाठी साधं मराठी म्हणजे 'मी बाबांकडून अपेक्षा सोडली'.