दर महिन्याला २०० किलोमीटर

प्रश्न: वर्षभर दर महिन्याला २०० किलोमीटरची एक ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायचं ठरवलंय. पण शंभर किलोमीटरनंतर पाय गळतात, खावंसंही वाटत नाही. काय करू?

उत्तर: पाय गळतात ते बहुतेक न खाल्ल्यामुळेच. भुकेची वाट पाहू नका. पहिल्या तासापासूनच दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मी हँडलच्या पिशवीत सुटे छोटे घास ठेवते. घड्याळाचा गजर वाजला की भूक असो-नसो, एक तोंडात टाकते. गोडाचा कंटाळा येतोच, म्हणून निम्मं खारं.

वेळ भरपूर आहे. साडेतेरा तास, म्हणजे थांब्यांसकट ताशी १५ किलोमीटरलाही भागतं. वेळ जातो तो थांब्यांवरच. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर, शिक्का घ्या, बाटल्या भरा आणि निघा. बसलात की पाय आखडलेच.

राइड पहिल्या पंधरवड्यातच उरका. शेवटच्या रविवारवर ठेवलीत आणि नेमका ताप आला, तर महिना हातचा गेला. अमेरिकेतल्या रँदोनिअर (अशा ब्रेव्हे करणाऱ्या) मंडळींच्या आर-१२ सन्मानालाही सलग १२ महिनेच लागतात.

गुडघा पुढून दुखत असेल तर आधी सीटची उंची तपासा. बऱ्याचदा ती कमी असते.