मागच्या आवाजांकडे कान

प्रश्न : सत्तरच्या दशकातील रॉक गाण्यांत मुख्य गायकामागे जो दाट स्वरमेळ ऐकू येतो, तो मोठ्या गायकवृंदाचा असतो का? तो नीट ऐकावा कसा?

उत्तर : बरेचदा तिथे वृंद नसतोच. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७५ सालच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मधील ऑपेरासारखा भाग फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच पुन्हापुन्हा गाऊन, एका ट्रॅकवर, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या एका थरावर, दुसरा चढवत उभा केला. प्रत्येक वेळी स्वरात आणि वेळेत जो सूक्ष्म फरक पडतो, त्यातूनच हा दाटपणा येतो. सर्वांत वरची, जवळजवळ किंचाळीला भिडणारी पट्टी टेलर यांची आहे, आणि ते तर ड्रमवादक! त्याच वर्षी टेनसीसी (10cc) या ब्रिटिश बँडने ‘आय अ‍ॅम नॉट इन लव्ह’साठी आपल्या तिघा सदस्यांकडून एकेक स्वर सोळा वेळा गाऊन घेतला, म्हणजे प्रत्येक स्वराला ४८ आवाज झाले, मग टोके जोडून केलेली टेपची वेटोळी सतत फिरवत, मिक्सरवरचे फेडर (आवाज कमी-जास्त करणारे सरकते खटके) वरखाली करून त्यांतून सुरावटी घडवल्या. मला हा प्रयोग अधिक धाडसी वाटतो.

ऐकताना हेडफोन लावावा, मुख्य चाल पाठ होऊ द्यावी आणि मग ओळीच्या शेवटी लांबवलेल्या स्वराखालचा एकच आवाज धरून त्याच्याबरोबर गुणगुणावे.