वाचकांचे प्रश्न : कूलरचा बोर्ड आणि परीक्षकांची आठ मिनिटे

प्रश्न : मी नागपुरातील एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या नववीतील चार विद्यार्थ्यांनी कूलरसाठी एक बोर्ड तयार केला आहे. सॉकेटमध्ये अर्थिंग नसेल, तर त्यावर लाल दिवा लागतो आणि कूलर सुरूच होत नाही. पुढील महिन्यात एका विज्ञान प्रदर्शनात तो परीक्षकांसमोर मांडायचा असून त्यासाठी आठ मिनिटे मिळणार आहेत. मुलांनी भाषण लिहून पाठ केले आहे, परंतु धिटाईने बोलणारा एकच मुलगा आहे. जिने सर्किट जोडले, ती मुलगी तोंडच उघडत नाही. तयारी कशी करून घ्यावी? सादरीकरण इंग्रजीत असावे का? आणि पेटंटचा विचार आताच करावा का?
— एक विज्ञान शिक्षिका, नागपूर

उत्तर : पाठ केलेले भाषण आधी बाजूला ठेवायला सांगावे. ‘आदरणीय परीक्षक आणि उपस्थित मान्यवर’ अशी सुरुवात परीक्षकांनी त्या दिवशी पुष्कळ टेबलांपुढे ऐकलेली असते. शिवाय मध्येच कोणी प्रश्न विचारला, की पाठांतर करणाऱ्या मुलाचा धागा तुटतो आणि तो पुन्हा पहिल्या वाक्यावर येतो. दोन मिनिटे मांडणीला, एक मिनिट प्रात्यक्षिकाला द्यावे आणि उरलेली पाच मिनिटे प्रश्नांसाठी मोकळी ठेवावीत. निकाल बहुधा त्या पाच मिनिटांतच ठरतो.

समस्या नागपूरकराला फारशी समजावून सांगावी लागत नाही. पारा ४५ अंशांपर्यंत गेला, की खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर पत्र्याचा कूलर चढतो, वाळ्याच्या ताट्या भिजतात, फरशी ओली होते, आणि पंप चालू असतानाच घरातले कोणीतरी अनवाणी उभे राहून बादलीने पाणी भरते. पंपाच्या वायरीचे आवरण खराब झाले, तर करंट पत्र्यात उतरतो. अर्थिंग शाबूत असेल तर तो त्या वाटेने निघून जातो, नसेल तर पत्र्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. एवढे सांगून झाल्यावर मुलांनी थ्री-पिन प्लग परीक्षकांच्या हातात द्यावा. त्याची अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, कारण प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, अशी योजना असते. ‘ही पिन लांब का?’ हा प्रश्न परीक्षक विचारण्याची शक्यता मोठी आहे, आणि अवघड प्रश्नांची तयारी केलेली मुले नेमकी अशा सोप्या प्रश्नावर गडबडतात.

खरी कसोटी पुढच्या प्रश्नाला लागेल : ‘बाजारात आरसीसीबी मिळते, मग तुमचा बोर्ड कशाला?’ यावर ‘आमचा बोर्ड स्वस्त आहे’ असे उत्तर देऊ नये. ते दुबळे आहे आणि उलटतपासणीत टिकत नाही. आरसीसीबी म्हणजे करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांची तुलना करते, आणि घरगुती वापराच्या प्रकारात फरक साधारण ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचला की पुरवठा तोडते. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच, कोणी हात लावण्याआधीच, ती पडते. अर्थिंग नसेल, तर मात्र गळतीला वाट मिळते ती माणसाने पत्र्याला हात लावल्यावरच. तेव्हाही आरसीसीबी क्षणार्धात पडते आणि बहुधा जीव वाचवते, पण झटका आधी त्या माणसाला बसतो. म्हणजे मुलांचा बोर्ड आरसीसीबीची जागा घेत नाही, तिच्या आधीची एक उणीव दाखवून देतो. हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत, आकृती न पाहता सांगितले, तर निम्मे काम झाले असे मी समजेन.

आता उणिवा. आपल्या वर्णनावरून हा बोर्ड फेज आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज तपासून रिले (विजेने चालणारा स्विच) जोडत असावा, असे मी गृहीत धरतो. एखाद्या जुन्या घरात वायरमनने सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडले असतील, तर हा बोर्ड फसेल आणि हिरवा दिवा दाखवील. वर त्या घरात मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर कूलरचा पत्राच फेजवर येईल. दुसरे असे, की व्होल्टेज दिसले म्हणजे अर्थिंग उत्तम असे होत नाही. अर्थिंगचा रोध १०० ओहम असेल, तर २३० व्होल्टला जेमतेम २.३ अँपिअर करंट वाहील आणि साधी १६ अँपिअरची एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेल्यास पुरवठा तोडणारा स्विच) त्याने पडणार नाही. तिसरा प्रश्न, तपासणीसाठी बोर्ड स्वतः अर्थमध्ये किती करंट सोडतो? तो काही मिलिअँपिअरच्या वर गेला, तर घरातली आरसीसीबी विनाकारण पडू लागेल. तो आकडा मीटरने मोजून नोंदवहीत लिहिलेला असावा. या उणिवा लपवू नयेत. उलट मांडणीतच ‘आमचा बोर्ड येथे फसतो’ असे एक वाक्य घालावे, म्हणजे परीक्षकांचा पुढचा प्रश्न ‘मग काय कराल?’ असा येतो आणि मुलांना बोलायला जागा मिळते. जे तपासलेच नाही, त्याविषयी ‘हे आम्ही तपासलेले नाही, तपासायचे झाल्यास असे तपासू’ म्हणणे अंदाज ठोकण्यापेक्षा केव्हाही चांगले.

सरावासाठी परीक्षक म्हणून आपण स्वतः बसू नये, कारण आपल्याला उत्तरे ठाऊक आहेत. शाळेचा वायरमन, कूलर दुरुस्त करणारा एखादा मिस्त्री आणि विज्ञानाशी संबंध नसलेली एखादी पालक आई, असे तिघे बसवावेत. मिस्त्री असे प्रश्न विचारील, की जे पुस्तकात सापडत नाहीत. प्रश्न कोणी घ्यायचा, याचा नियम साधा असावा : ज्याने तो भाग केला, त्यानेच उत्तर द्यावे. सर्किटचा प्रश्न आला, की धीट मुलाने ‘हे हिने जोडले आहे’ असे म्हणून गप्प बसावे. सर्किट जोडणारी ती मुलगी भाषण करणार नाही, पण झाकण उघडून ‘हा रिले, हा रोध’ असे बोटाने दाखवताना तिची भीड आपोआप कमी होईल. तिच्यासाठी झाकण पारदर्शक अॅक्रिलिकचे करून घ्यावे.

प्रात्यक्षिकाबाबत मात्र मी कडक आहे. प्रदर्शनाच्या टेबलावर २३० व्होल्टचा उघडा जोड असता कामा नये. १२ व्होल्टच्या बॅटरीवर, पत्र्याच्या डब्याला कूलर मानून, अर्थची वायर काढताच लाल दिवा लागतो एवढे दाखवावे. खऱ्या कूलरवरची चाचणी परवानाधारक वायरमनच्या उपस्थितीत करून तिचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर ठेवावा. जादा बॅटरी आणि फ्यूज सोबत न्यावेत. तक्ता एकच पुरे.

इंग्रजीचा आग्रह धरू नये. आयोजकांचा नियम नसेल, तर मराठीतच बोलावे. करंट, अर्थिंग, रिले हे शब्द तसेच राहू द्यावेत. आपल्याकडे परीक्षक हिंदीत प्रश्न विचारतील हेही शक्य आहे, तेव्हा सरावात काही प्रश्न हिंदीत घ्यावेत.

पेटंटचा विचार करायचाच असेल, तर तो प्रदर्शनाच्या आधी करावा. भारतीय कायद्यात शोध आधीच जाहीर झाला असेल, तर सामान्यतः त्याचे नावीन्य संपते; केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडणी झाली असल्यास १२ महिन्यांची सवलत मिळते, पण शाळांची प्रदर्शने सहसा त्यात मोडत नाहीत. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून ठेवला, तर पूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. मात्र अर्थिंग तपासणारी उपकरणे पूर्वीपासून बाजारात आहेत, त्यामुळे मुलांच्या बोर्डात नेमके नवे काय हे आधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज शोधून पाहावे. या विषयाचे प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरातच आहे. मुलांना घेऊन तेथे एकदा चौकशी करून यावे, आणि जाताना तारखा घातलेली नोंदवही बरोबर न्यावी.