हायस्कूलचा दर्जा सुधारायचा तर पाचवीपासून: नव्या मुख्याध्यापिकेच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार मॅडम. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या अनुदानित हायस्कूलची सूत्रे तुम्ही हाती घेतलीत, संस्थेने दर्जा सुधारणेचा आराखडा मागितला, आणि तुम्ही चौदा कलमांचा मसुदा इथे टाकून विचारलेत की सुरुवात कुठून करू. दहावीचा निकाल बरा आहे, पण आठवी-नववीत मुले अडकतात, आणि शिक्षक म्हणतात पोर्शन पुरा करायलाच वेळ पुरत नाही. माझे मत स्पष्ट सांगतो. स्मार्ट बोर्ड, स्पर्धा परीक्षा केंद्र, वार्षिक अंक ही कलमे यंदा बाजूला ठेवा. दोनच गोष्टी धरा: पाचवीत येणाऱ्या मुलांचे वाचन-गणित, आणि शिकवण्याचे वाया जाणारे तास.

गोवा बोर्डाचा दहावीचा निकाल अलीकडे ९० टक्क्यांच्या वर लागतो, त्यामुळे त्या आकड्यावरून शाळेच्या आतले फारसे काही कळत नाही. तुमच्याकडची बहुतेक मुले आसपासच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून येतात. घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत एकदम सगळे विषय इंग्रजीतून. गणित तेच, विज्ञान तेच, पण मूल गप्प होते. पाचवी ते सातवी ते फळ्यावरची उत्तरे उतरवून काढते, वह्या भरलेल्या दिसतात, आणि आठवीत स्वतःचे वाक्य लिहायची वेळ आली की उघडे पडते. नववीतल्या नापासांचे मूळ बहुधा तिथे सापडेल.

म्हणून पाचवीचा वर्ग सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत प्रत्येक मुलाची एकेकट्याने तपासणी करा. लेखी चाचणी नको, तिच्यात शेजारचे बघून लिहिलेलेही मोजले जाते. तिसरीच्या पातळीचा ८० ते १०० शब्दांचा अनोळखी मराठी उतारा घ्या. मुलाने मोठ्याने वाचायचे, एक मिनिट घड्याळ लावायचे, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. मग उरलेला उतारा पुरा वाचू द्या आणि तीन प्रश्न विचारा: दोन उताऱ्यात थेट असलेले, एक विचार करून सांगायचा. उत्तर कोंकणीत आले तरी समजले म्हणून धरा. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या उद्दिष्टांत तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह, अशी अपेक्षा आहे. पाचवीच्या दाराशी तीच रेघ धरा. पुढे सोपा इंग्रजी परिच्छेद, हातच्याची एक वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका मुलाला पाच-सहा मिनिटे लागतात. चाळीस मुलांचे काम दोन शिक्षक मिळून दोन तासांत उरकतात. निदान दहा मुले तुम्ही स्वतः ऐका, कारण मूल कुठे अडते ते आकड्यात दिसत नाही: कोणी जोडाक्षराशी थांबते, कोणी रफार गाळते, कोणी पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने ठोकते.

यातून साधारण तीन गट निघतील आणि तिघांचे औषध वेगळे आहे. पहिला गट मराठी नीट वाचतो, फक्त इंग्रजी अडते. ही मुले लवकर वर येतात, त्यांना रोज थोडे इंग्रजी वाचन आणि बोलणे पुरते. दुसरा गट धडाधड वाचतो पण अर्थ सांगू शकत नाही. त्यांना प्रश्न विचारत, मध्येच थांबवत, पुढे काय होईल असे बोलते करत वाचून घ्यावे लागते. तिसऱ्या गटाला मराठी अक्षरजुळणीच पक्की नाही. या मुलांना इंग्रजी स्पेलिंगे पाठ करायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आधी मराठी वाचन पक्के करा, रोज अर्धा तास, आठ ते दहा आठवडे.

इथे बहुतेक शाळा फसतात. तिन्ही गट एकत्र करून शाळा सुटल्यावर ‘रेमिडियल’, म्हणजे मागे पडलेल्यांचा जादा वर्ग, लावतात. शाळा सुटली की बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी शाळेची बस, निघतो, आणि ज्यांना गरज आहे तीच लांबच्या वाड्यांवरची मुले त्यात बसून जातात. दुसरे म्हणजे हा वर्ग लेक्चर बेसिसवरच्या (तासांप्रमाणे पगार मिळणाऱ्या) नवख्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. तास वेळापत्रकातच बसवा: पाचवीच्या सगळ्या तुकड्यांचा एक भाषेचा तास रोज एकाच वेळी ठेवा, म्हणजे तुकड्या मोडून गट करता येतात. तिसरा गट तुमच्या सर्वांत चांगल्या भाषाशिक्षकाकडे द्या. एकच तुकडी असेल तर त्या तासाला दुसरा शिक्षक मोकळा ठेवा आणि तुम्हीही एक गट घ्या.

विषयशिक्षकांकडून पाचवी-सहावीत तीन गोष्टी मागा. प्रत्येक धड्याला आठ-दहा पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत, वर्गात टांगलेले. संकल्पना आधी मराठी-कोंकणीत, मग तीच इंग्रजी वाक्यांत, आणि ती वाक्ये मुलांच्या तोंडून. तिसरी गोष्ट प्रश्नांची भाषा, हिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. डिस्क्राइब, कम्पेअर, गिव्ह रीझन्स, डिस्टिंग्विश बिट्वीन यांचा अर्थ न कळल्यामुळे उत्तर येत असूनही मुले कोरी जागा सोडतात. असे दहा-बारा शब्द पहिल्या महिन्यात सरावात घ्या. गणितात संख्यांचे श्रुतलेखनही घ्या: सत्तेचाळीसमध्ये एकक आधी उच्चारला जातो, इंग्रजीत दशक आधी, म्हणून मुले ४७ च्या जागी ७४ लिहितात आणि बेरीज येत नाही असा शिक्का बसतो.

आता पोर्शनची तक्रार. ती खोटी नाही, फक्त कारण दुसरीकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० कामाचे दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवले आहे. तुमच्या शाळेत प्रत्यक्ष किती होते ते मोजा. प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरकडे एक वही द्या, विषयवार ठरलेले तास आणि झालेले तास. निवडणुकीचे काम, स्वातंत्र्यदिनाची तालीम, चतुर्थीपूर्वीची सैल पडलेली शाळा, क्रीडा स्पर्धा, अनुपस्थित शिक्षकाच्या जागी नुसती देखरेख: महिन्याभरात चित्र समोर येते. यातले काही तुमच्या हातात नाही. पण तालमी शेवटच्या तासाला आणि रोज वेगळ्या विषयाच्या वाट्याला टाकणे, आणि बदली तासाला वापरायचे स्वाध्याय प्रत्येक विषयाने आधीच करून ऑफिसात ठेवणे, एवढ्यानेही बरेच तास वाचतात.

वर्गभेटींविषयी तुम्ही विचारलेत. रोज एक, पंधरा-वीस मिनिटांची. बारा शिक्षक असतील तर तीन आठवड्यांत सगळे होतात. ही वेळ आठवड्याच्या सुरुवातीलाच डायरीत बांधून टाका, नाहीतर ऑफिस ती खाऊन टाकते. मागे बसून वर्गातल्या बाकांचा आराखडा काढा आणि शिक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला कोणत्या बाकावरून उत्तर आले तिथे खूण करा. बहुतेक वर्गांत खुणा पुढच्या दोन रांगांत साचतात. तो कागद दाखवला की वेगळे भाषण करावे लागत नाही. त्याच दिवशी दहा मिनिटे बोला, एकच मुद्दा, आणि पुढच्या भेटीत तोच पाहा. पाच वह्याही चाळा, एक हुशार मुलाची, दोन मधल्या, दोन मागे पडलेल्या. पाचांत शब्दन् शब्द सारखा असेल तर उत्तरे गाईडमधली किंवा फळ्यावरची आहेत.

बाकांच्या खुणांचा हा कागद शिक्षकाच्या गोपनीय अहवालाच्या फायलीत कधीही जाता कामा नये. एकदा गेला की शिक्षक तुम्ही येताच आधी घोकवलेला धडा काढतात आणि तुम्हाला खरे शिकवणे पुन्हा दिसत नाही. शिक्षण खात्याच्या तपासणीसाठी लागणारी निरीक्षणे वेगळी ठेवा आणि ती तशी वेगळी आहेत हे शिक्षकांना आधीच सांगा.

मासिक सभेत परिपत्रके वाचू नका, ती व्हॉट्सअॅपवर टाका. पाऊण तासात एका वर्गाच्या एका प्रश्नाची सगळी उत्तरे टेबलावर पसरा आणि मुले कुठे चुकली ते मिळून शोधा. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्या अर्थाने याहून उपयोगी काम क्वचितच सापडेल.

   

संस्थेला सत्रातून एकदा एक पान द्या: तीन गटांतली मुलांची संख्या, बुडालेले तास, तीन दिवसांहून जास्त सलग गैरहजर राहिलेली मुले. पालक-शिक्षक संघाची सभा कोंकणीत घ्या आणि गुणपत्रिकेऐवजी त्यांच्या मुलाचे पहिल्या तपासणीतले आणि आताचे वाचन पालकाला वेगळे बसवून ऐकवा. मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग पुरते. सगळ्यांसमोर मात्र कधीच नको.

शेवटी, ज्येष्ठ शिक्षक ऐकत नाहीत याविषयी. त्यांच्या वर्गापासून भेटी सुरू करू नका. आधी तुमचा स्वतःचा तास त्यांना पाहायला बोलवा, बाकांचा कागद त्यांच्या हाती द्या आणि खुणा त्यांना करू द्या. त्यांच्या भेटीची वेळ तेच सुचवेपर्यंत महिनाभर थांबा. तोवर बाकीच्यांचे काम चालू राहील.